सत्र संपताना: वेळापत्रकाआधी दोन मेल पाठवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी संशोधनाच्या दुसऱ्या वर्षात आहे आणि सत्र संपायला तीन आठवडे उरलेत. दोन विषयांचे टर्म पेपर, २० मिनिटांचं एक सेमिनार, पदवीच्या विद्यार्थ्यांच्या ६४ उत्तरपत्रिका, आणि ‘सत्र संपेपर्यंत देते’ असं गाईडना सांगून ठेवलेलं प्रबंधाचं दुसरं प्रकरण, एवढं सगळं अंगावर आहे. झोप चार-पाच तास. तीनदा वेळापत्रक केलं, तिन्ही वेळा ते दोन दिवसांत कोलमडलं. गाईडची मेल आलेली दिसली की उघडायचा धीर होत नाही. ‘हे सगळं बसेल असं वेळापत्रक कसं करू? आणि प्रकरण सुट्टीवर ढकललं तर चालेल का?’

या दिवसांतून मी स्वतः गेलोय, आणि गेली वीसेक वर्षं टेबलाच्या पलीकडे बसून इतरांना त्यातून जाताना बघतोय. तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते वेळापत्रकाबद्दल नाहीच. मेल उघडायची भीती वाटते, हे वाक्य तुम्ही जाता जाता लिहून टाकलंय, पण गाडं अडलंय ते तिथे. तुम्ही चार-पाच जणांना शब्द दिलेत. ते सगळे पाळता येणार नाहीत हे तुम्हाला आतून कळलंय, आणि ते कुणालाच सांगितलेलं नाही. तोवर चौथं वेळापत्रकही कोलमडणारच, कारण त्यात सगळंच बसवायचा हट्ट आहे.

आधी एक कबुली. पुढे जे लिहितोय ते सगळ्यांना जसंच्या तसं लागू पडणार नाही. प्रयोगशाळेत जिवंत पेशी वाढवणाऱ्याला ‘हा आठवडा काम थांबवतो’ असं म्हणता येत नाही. ज्याची शिष्यवृत्ती गुणांवर टिकून आहे त्याला टर्म पेपरमध्ये हात आखडता घेणं परवडत नाही. घरी लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर रात्रीचे तास आपले नसतात. आणि काही गाईड उशीर हा स्वतःचा अपमान समजतात, हेही खरंच. ज्याची जी अडचण असेल तिच्या बेताने यातलं कमीजास्त करून घ्यावं.

आता तुमची वेळापत्रकं का मोडली ते बघू. यात तुमच्या आळसाचा संबंध फारसा नाही. रॉजर ब्यूलर, डेल ग्रिफिन आणि मायकेल रॉस या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. पदवीचा प्रबंध लिहिणाऱ्या ३७ विद्यार्थ्यांना त्यांनी विचारलं, किती दिवसांत पूर्ण कराल? सरासरी उत्तर आलं ३३.९ दिवस. मग विचारलं, सगळंच बिनसलं तर? तेव्हा उत्तर आलं ४८.६ दिवस. प्रत्यक्षात सरासरी ५५.५ दिवस लागले. म्हणजे सगळं बिनसेल असं धरून केलेला अंदाजसुद्धा कमीच पडला. डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी या सवयीला १९७९ मध्येच ‘प्लॅनिंग फॅलसी’ असं नाव दिलं होतं. अंदाज करताना आपण काम कसं होईल याची गोष्ट मनात रचतो. त्या गोष्टीत प्रिंटर बंद पडत नाही, ताप येत नाही, आणि मागच्या वेळी प्रत्यक्षात किती दिवस लागले होते ते आपण विचारातच घेत नाही.

त्यामुळे अंदाज करू नका, मोजा. आज संध्याकाळी त्या गठ्ठ्यातल्या चार उत्तरपत्रिका घड्याळ लावून तपासा. समजा एकीला नऊ मिनिटं लागली. मग ६४ उत्तरपत्रिकांना ५७६ मिनिटं, म्हणजे साडेनऊ तासांहून थोडं जास्त. सलग दोन तासांहून जास्त कुणी नीट तपासू शकत नाही असं माझं मत आहे, म्हणजे पाच बैठका झाल्या. ‘शनिवारी उरकून टाकेन’ ही ओळ इथेच खोडली जाते. टर्म पेपरचंही तसंच. मागच्या सत्रात पहिल्या ओळीपासून सबमिशनपर्यंत किती दिवस गेले होते ते फाईलींच्या तारखा बघून काढा. तो आकडा नकोसा वाटेल, पण तोच धरून चाला.

हे मोजून झालं की सगळी कामं एका कागदावर मांडा आणि प्रत्येकासमोर दोनच गोष्टी लिहा: मला उशीर झाला तर कुणाचं अडेल, आणि ही तारीख कुणी ठरवली. ‘महत्त्वाचं किती’ हा रकाना मुद्दाम ठेवू नका, कारण तुमच्या डोक्यात सगळंच महत्त्वाचं आहे, म्हणून तर घोळ झालाय. उत्तरपत्रिका अडकल्या तर ६४ जणांचा निकाल अडतो, आणि तारीख विभागाची आहे. ती हलणार नाही. सेमिनारची तारीखही हलणार नाही, कारण खोली आणि श्रोते ठरलेले आहेत. टर्म पेपरची तारीख त्या त्या शिक्षकाच्या हातात आहे, म्हणजे थोडीफार हलू शकते. आणि प्रकरण? ती तारीख तुम्ही स्वतःच जाहीर केलीत. तिच्यामुळे आज कुणाचंच अडलेलं नाही, आणि तरीही सगळ्यात जास्त ओझं तिचंच आहे. हे मी दरवर्षी बघतो. जी तारीख सगळ्यात सैल, तिच्याच नावाने झोप उडालेली असते.

तर प्रकरण पुढे ढकला. फक्त गुपचूप ढकलू नका. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात काही अर्थ नसतो. ‘सर, जरा भेटायचं होतं’ अशी मेल टाकून भेटीत दुसऱ्याच विषयावर बोलून परत येणारे विद्यार्थी मी खूप पाहिलेत. त्यापेक्षा असं लिहा:

‘सर, दुसरं प्रकरण या महिन्याअखेर देते म्हणाले होते, ते होणार नाही. पद्धतीचा भाग, साधारण अकरा पानं, लिहून झालाय, तो सोबत जोडलाय. निष्कर्षांचा भाग अजून सुरू केलेला नाही. तपासणी आणि दोन टर्म पेपर २० तारखेला संपतायत. पूर्ण मसुदा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेला देईन. जोडलेल्या पानांमधली तिसरी आकृती ठेवायची की काढायची, एवढं सांगितलंत तर पुढचं सोपं जाईल.’

यात माफी नाही हे लक्षात आलं असेल. माफी मागितली तर वाचणाऱ्याला आधी तुमची समजूत घालावी लागते आणि मूळ काम बाजूलाच राहतं. काय झालंय, काय राहिलंय, नवी तारीख, आणि उत्तर देता येईल असा एक छोटा प्रश्न, एवढं पुरे. झालेली पानं जोडणं मात्र टाळू नका, भले ती कच्ची असोत. अकरा कच्ची पानं समोर असली की गाईडला तुमची काळजी वाटत नाही. आणि नवी तारीख देताना मनात आलेल्या तारखेत निदान एक आठवडा मिळवा. ते ५५.५ दिवस विसरू नका.

मेल मिळाल्यावर गाईडच्या मनात काय येतं, हे पलीकडे बसल्यावर कळतं. बहुतेक वेळा सुटकेचा निःश्वास. सत्र संपताना माझ्याही टेबलावर गठ्ठे असतात. कुणी सांगितलं की प्रकरण दोन-तीन आठवड्यांनी येईल, तर मला ते वाचायला वेळ मिळणार असतो. त्रास होतो तो गायब होणाऱ्यांचा. तीन आठवडे काही कळलं नाही की मी आजारपणापासून संशोधन सोडण्यापर्यंत सगळे तर्क करून मोकळा होतो.

हे मी कुठल्या तोंडाने सांगतोय? मी स्वतः विद्यार्थी असताना एक पूर्ण महिना मागच्या जिन्याने ये-जा केली, कारण पुढच्या जिन्याशेजारी गाईडची खोली होती. शेवटी एकदा मागच्या जिन्यावरच ते समोर आले. म्हणाले, ‘बरा आहेस ना? मला वाटलं तू गावी गेलास.’ मसुद्याचा विषयही त्यांनी काढला नाही. मीच काढला, तर म्हणाले की तो आता मिळाला तरी दोन महिने त्यांच्याकडून वाचून होणार नाही. महिनाभर मी ज्यांना चुकवत होतो, ते माझी वाट बघतच नव्हते.

गाईड तापट असतील तर? तर हे आणखी लवकर करा, आणि लेखी करा. प्रत्यक्ष बोलणं झालं असलं तरी त्याच संध्याकाळी ‘आज ठरल्याप्रमाणे’ अशी दोन ओळींची मेल टाका. सहा महिन्यांनी ‘तू कधी सांगितलंस?’ असं कुणी विचारलं तर हाताशी काहीतरी हवं.

दुसरी मेल टर्म पेपरच्या दोनपैकी एका शिक्षकांना. दोघांनाही नको. मुदतवाढ एकाच ठिकाणी मागा, आणि मागायची तर शेवटच्या तारखेच्या निदान आठवडाभर आधी. आदल्या रात्री अकराला आलेली विनंती आणि दहा दिवस आधी आलेली विनंती यात शब्द तेच असले तरी वाचणाऱ्याला फार फरक पडतो. अनेक विद्यापीठांत विषय ‘अपूर्ण’ दाखवून पुढच्या सत्रात पेपर द्यायची सोय असते. नियम सगळीकडे वेगळे असतात, ते कार्यालयात विचारून घ्या. पण माझ्या मते तो अगदी शेवटचा उपाय. नव्या सत्राची कामं सुरू झाली की जुन्या पेपरचं भिजत घोंगडं पडतं, आणि मग तो पेपर वर्षभर मानेवर बसतो.

आता पेपर लिहिण्याबद्दल, कारण इथे वेळ सगळ्यात जास्त वाया जातो. वाचन हे लिखाण टाळायचं सगळ्यात प्रतिष्ठित साधन आहे. खेळत बसलात तर स्वतःलाच लाज वाटते. सव्वीसावा लेख वाचत बसलात तर अभ्यास केल्यासारखं वाटतं. पेपर १८ तारखेला द्यायचा असेल तर १० तारखेला वाचन बंद. त्या दिवशी एक वाक्य लिहा: या पेपरात मी अमुक म्हणतेय. ते वाक्य जमत नसेल तर जे वाचलंय त्यातल्या दोन लेखांचं कुठे पटत नाही ते लिहा, बहुतेक वेळा पेपर तिथूनच निघतो. मग मधला भाग आधी लिहा. प्रस्तावना शेवटी, कारण कशाची प्रस्तावना करायची ते तोवर तुम्हालाच कळलेलं नसतं.

आणि एका पेपरात सरळ पाट्या टाका. शिक्षक असून असं सांगतोय याचं नवल वाटेल. पण टर्म पेपर म्हणजे प्रबंध नव्हे. तो वाचणाऱ्याकडे तसलेच आणखी पंचवीस-तीस असतात. त्याला हवं असतं एक स्पष्ट विधान, त्याला दिलेला आधार, आणि नीट संदर्भ. दोनपैकी जो विषय तुमच्या प्रबंधाच्या जवळचा आहे त्यात जीव ओता, दुसरा नेटका आणि वेळेवर द्या. सेमिनार त्याच जवळच्या पेपरातून काढता येतं का बघा. मात्र एकच मजकूर दोन विषयांत द्यायचा असेल तर दोन्ही शिक्षकांना आधी विचारा. न विचारता दिलात तर तो गैरप्रकार ठरू शकतो, मजकूर तुमचा स्वतःचा असला तरी. सेमिनारबद्दल आणखी फार सांगण्यासारखं नाही: दहापेक्षा कमी स्लाईड, आणि आदल्या दिवशी एकदा मोठ्याने, घड्याळ लावून.

उत्तरपत्रिकांवर मात्र थोडा थांबतो, कारण इथे चूक झाली तर तिची किंमत दुसरा मोजतो. माझ्या पहिल्या वर्षी सत्तरेक उत्तरपत्रिकांचा गठ्ठा मी एका रात्रीत संपवला. सकाळी एक मुलगी आणि तिची मैत्रीण दोघी आपापल्या उत्तरपत्रिका घेऊन आल्या. तिसऱ्या प्रश्नाला दोघींची उत्तरं जवळपास सारखी होती. एकीला मी दहापैकी सात दिले होते, दुसरीला चार. सात मिळालेली उत्तरपत्रिका गठ्ठ्यात वर होती, चारवाली तळाशी. रात्री दहाला मी मनाने उदार होतो आणि पहाटे चारला वैतागलेलो, एवढाच फरक. सगळा गठ्ठा पुन्हा तपासावा लागला.

तेव्हापासून मी एक उत्तरपत्रिका पूर्ण तपासून बाजूला ठेवत नाही. आधी सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग गठ्ठा पिसून सगळ्यांचा दुसरा. त्यामुळे मोजपट्टी डोक्यात एकच राहते, आणि कुणीही दरवेळी तळाला राहत नाही. नाव न बघता पानं उलटायची. कशाला किती गुण ते पहिल्या पाच-सहा उत्तरपत्रिकांनंतर कागदावर लिहून समोर ठेवायचं. शेवटी सुरुवातीच्या दहा पुन्हा चाळायच्या. वेळही यात वाचतो, कारण तेच उत्तर तिसाव्यांदा वाचताना चूक कुठे असणार ते हाताला आधीच कळलेलं असतं.

दिवसाची वाटणी करताना तासातासाला काम बदलू नका. सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं की एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याला लागलो तर लक्षाचा काही भाग पहिल्यातच अडकून राहतो आणि दुसरं काम खालावतं. म्हणून सकाळ एका कामाची, दुपार दुसऱ्याची. लिखाण सकाळी, तपासणी दुपारी, आणि मेल, संदर्भांची यादी, मांडणी असली हमाली संध्याकाळी.

झोपेबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण चार-पाच तास ही गोष्ट तशीच सोडून पुढे जाणं मला जमणार नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी प्रौढांना दोन आठवडे रोज ठरावीक तासच झोपू दिलं. सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांची कामगिरी शेवटी इतकी घसरली की ती एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसासारखी झाली. आणि आपण किती घसरलोय हे त्यांचं त्यांना फारसं कळतही नव्हतं. तेव्हा ‘मला सवय झालीय’ या वाक्यावर विश्वास ठेवू नका. १९९७ च्या दुसऱ्या एका प्रयोगात सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसांचा हात आणि डोळ्यांचा मेळ रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारखा बिघडलेला आढळला. सकाळी सातला उठलात तर तुमचे १७ तास मध्यरात्री बाराला भरतात.

मला हे आकडे वाचून पटले नव्हते. पटले ते एकदा पहाटे तीनला बॅकअप घेताना. फाईल उलट्या दिशेने कॉपी केली आणि अकरा दिवसांच्या नोंदींवर जुनी आवृत्ती चढवून बसलो. नोंदी वहीत हाताने लिहिलेल्या होत्या म्हणून वाचलो, पण पुन्हा टाईप करण्यात तीन दिवस गेले. त्या रात्री मी जागून वाचवले होते दोन तास. सत्राच्या शेवटच्या आठवड्यांत रात्री अकरानंतर मूळ डेटाला हात लावायचा नाही, हा नियम मी अजून पाळतो आणि विद्यार्थ्यांकडून पाळून घेतो. कॅफीनचंही सांगून ठेवतो: घेतलेल्यातलं निम्मं शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाचा कप रात्री अकरालाही अर्धा शिल्लक असतो.

हे सगळं थकव्यापुरतं झालं. त्यापलीकडेही काही असू शकतं. २०१८ साली २६ देशांतल्या २,२७९ पदव्युत्तर आणि पीएचडीच्या विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध झाली होती. त्यातल्या ४१ टक्क्यांमध्ये मध्यम ते तीव्र चिंतेची लक्षणं दिसली. आपणहून उत्तरं देणाऱ्यांचीच ही पाहणी असल्याने आकडा जसाच्या तसा सगळ्यांना लावू नये, पण तुम्ही एकट्या नाही एवढं त्यातून नक्की कळतं. सत्र संपून दोन आठवडे झाले तरी झोप परतली नाही, कशातच मन लागत नाही, सगळं संपवून टाकावं असे विचार येतात, असं काही असेल तर विद्यापीठातल्या समुपदेशकाला किंवा डॉक्टरला भेटा. शेवटचं लक्षण असेल तर सत्र संपायचीही वाट बघू नका, आजच जा. अशा वेळी टर्म पेपरची मुदत दुय्यम, आणि डॉक्टरांचं पत्र असलं तर ती वाढतेही.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, प्रकरण सुट्टीत. चालेल, पण सुट्टीचा पहिला आठवडा हिशेबात धरू नका. त्या आठवड्यात काही होत नाही. माणूस पुस्तक उघडून खिडकीबाहेर बघत बसतो आणि वर स्वतःला दोष देतो. तो आठवडा आधीच कामातून वगळला तर दोष द्यायला काही उरत नाही. आणि प्रकरणाची फाईल आज बंद करण्यापूर्वी अर्धं पान स्वतःसाठी लिहून ठेवा: कुठे थांबले, पुढचं वाक्य काय असणार होतं, कुठली आकृती कुठल्या फाईलमध्ये आहे, कुठल्या जागी शंका आहे. ‘निष्कर्ष पूर्ण करणे’ असं लिहू नका. त्याने काहीच कळत नाही.

माझ्या प्रबंधाच्या वेळची अशी एक चिठ्ठी अजून माझ्याकडे आहे. ‘पान १४, तिसरा परिच्छेद. हे विधान खरं वाटत नाही. मंगळवारच्या नोंदी बघ.’ तीन आठवड्यांनी परत आलो, चिठ्ठी वाचली, वही काढली आणि दहा मिनिटांत कामाला लागलो. विधान खरोखरच चुकीचं निघालं. सुट्टीनंतरचे पहिले दोन दिवस ते काढून टाकण्यातच गेले.